‘पहिली’ म्हणजे नक्की काय? बॉम्बे माउंटन बॅटरी वाचताना

दरवर्षी २८ सप्टेंबरला भारतीय तोफखान्याचा ‘गनर्स डे’ असतो. त्या दिवशी फोनवर जे संदेश फिरतात, वर्तमानपत्रांत ज्या चौकटी येतात, त्यांचा आशय साधारण एकच असतो: १८२७ साली याच दिवशी ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी २.५ इंची तोफांसह उभी राहिली, ही भारतीय तोफखान्याची पहिली तुकडी, आणि आज ती ५७ फील्ड रेजिमेंटचा भाग आहे.

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा नुकताच विषय शोधायला लागलेत, त्यांच्यासाठी हे वाक्य फार कामाचं आहे. त्यात तारीख आहे, नाव आहे, हत्यार आहे आणि ‘पहिली’ हा दावा आहे. चारही गोष्टी एका दमात सांगितल्यामुळे त्या एकाच काळातल्या वाटतात. प्रत्यक्षात त्या चार वेगवेगळ्या काळांतून येऊन एका वाक्यात बसल्या आहेत.

हत्यारापासून सुरुवात करू, कारण ते तपासणं सगळ्यात सोपं. २.५ इंची माउंटन तोफ ही नळीत आटे पाडलेली तोफ होती. ब्रिटिश सैन्यात अशा आट्यांच्या तोफा १८५९ च्या सुमारास आल्या. त्याआधी सगळा कारभार गुळगुळीत नळीचा आणि गोल गोळ्यांचा. ही विशिष्ट तोफ तर १८७९ ची. म्हणजे १८२७ मध्ये ज्या गोलंदाजांना कामावर घेतलं, त्यांच्या नातवंडांनी ही तोफ पाहिली असेल. तरी हे वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलं जातं. कोणी खोटं बोलतंय असं मला म्हणायचं नाही. तुकडीची सगळ्यात प्रसिद्ध तोफ तुकडीच्या जन्मालाच चिकटली, एवढंच.

आता नाव. १८२७ मध्ये जे उभं राहिलं ते मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या पायदळी तोफखान्याच्या गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी. ‘बॅटरी’ नाही, ‘माउंटन’ नाही, ‘५’ तर नाहीच. (गोलंदाज हा शब्द आपण आता क्रिकेटला देऊन टाकलाय. फारसीत गोळा फेकणारा तो गोलंदाज. पेशव्यांच्या तोफखान्यातही हाच शब्द, कंपनी सरकारच्या कागदातही हाच. त्यामुळे जुन्या मराठी कागदांत तो दिसला की आधी तोफ आठवा, चेंडू नंतर.)

डोंगरी तोफखान्याचा ठसा नंतर लागला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ५ हा क्रमांक आला. १९०३ मध्ये लॉर्ड किचनरच्या फेररचनेत भारतीय माउंटन बॅटऱ्यांच्या आकड्यांत वीस मिळवले, म्हणून ती २५ वी झाली. १९२० मध्ये सगळ्यांना ‘पॅक बॅटरी’ म्हणायला लागले आणि ती १०५ झाली. काही वर्षांनी परत माउंटन बॅटरी, परत ५. ५, २५, १०५, ५: शेवटचा आकडा धरून चाललात की धागा सुटत नाही. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अभिलेखागारात सूची चाळताना फक्त ‘५ (बॉम्बे)’ शोधलंत तर निम्मी कागदपत्रं हाताला लागणार नाहीत. उलटही फसगत होते. १९०३ च्या आधी नुसता ‘५ नंबरची माउंटन बॅटरी’ असा उल्लेख आला, तर ती भारतीय गोलंदाजांची की गोऱ्या तोफचींची हे संदर्भावरून ठरवावं लागतं, कारण ब्रिटिश तोफखान्याच्या माउंटन बॅटऱ्यांनाही एकपासूनचेच आकडे होते.

‘गोऱ्या तोफचींची’ म्हटलं खरं, पण तिथेही जरा थांबा. भारतातल्या ब्रिटिश माउंटन बॅटरीत तोफ चालवणारे ब्रिटिश असत, पण खेचरं हाकणारे ड्रायव्हर भारतीय असत. या तोफा चाकांवर ओढत न्यायच्या नसतात, त्या सुट्या करून खेचरांच्या पाठीवर बांधायच्या असतात. म्हणजे खेचर आणि त्याचा माणूस नसेल तर ती बॅटरी जागची हलत नाही. किपलिंगची ‘स्क्रू-गन्स’ ही कविता १८९० ची. तिच्यात बोलतो तो ब्रिटिश तोफची. ड्रायव्हरची कविता कुणी लिहिली नाही. तो सापडला तर पगारपत्रकात, पेन्शनच्या नोंदीत किंवा जखमींच्या यादीत.

खेचरावर सगळं किती अवलंबून असतं हे बघायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेत जा. २९-३० ऑक्टोबर १८९९ ची रात्र, लेडीस्मिथजवळ निकल्सन्स नेक. ब्रिटिशांची १० वी माउंटन बॅटरी एका तुकडीबरोबर अंधारात चढत होती. खेचरं बिथरली आणि तोफांचे भाग, दारूगोळा सगळं पाठीवर घेऊन पळून गेली. सकाळी बोअरांनी गाठलं तेव्हा सैनिक होते, तोफा नव्हत्या. हजाराच्या आसपास माणसं शरण गेली.

जनावराच्या पाठीवर तोफ ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हतीच. उंटावरची शुतुरनाळ, हत्तीवरची गजनाळ हे शब्द बखरी वाचणाऱ्याला ठाऊक असतात. पण त्या तोफा लहान, पाठीवरूनच डागायच्या. डोंगरात दूरचा मारा हवा असेल तर नळी लांब पाहिजे, लांब नळी म्हणजे जड नळी, आणि एका खेचराला झेपणारा एकसंध तुकडा दोनशे पौंडांच्या आसपासच. आधीची सात पौंडी तोफ या मर्यादेतच अडकली होती. नळी आखूड आणि पल्ला बेताचा. १८७६ मध्ये ल मेझुरिए नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने सुचवलं की नळीच दोन तुकड्यांत करा. मागचा भाग साधारण दोनशे पौंड, पुढचा साधारण दोनशे पौंड, दोन खेचरांवर दोन तुकडे, आणि मुक्कामी पोचल्यावर मोठ्या नटाने आवळून एक नळी. म्हणून ती ‘स्क्रू-गन’. गाडा, चाकं वगैरे धरून एका तोफेला पाच खेचरं. गोळा सात-आठ पौंडांचा, पल्ला चार हजार यार्डांपर्यंत, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या थोडा पुढे.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण म्हणजे ‘पहिली’ हा शब्द. तो मला या सगळ्या वाक्यात सर्वांत जास्त छळतो.

१८२७ च्या आधी बंगाल इलाख्यात गोलंदाजांच्या तुकड्या होत्या. मुंबईत कंपनीचा नियमित तोफखाना १७४८ पासून होता, पण तो युरोपियनांचा. म्हणजे ही कंपनी पहिली उभी राहिली असं नव्हे. जुन्यांपैकी ती टिकली. बाकीच्या का टिकल्या नाहीत? उत्तर १८५७ मध्ये आहे. बंगालचे गोलंदाज मोठ्या संख्येने उठावात गेले. १८५९ मध्ये पील आयोगाचा अहवाल आला. त्यात तोफखाना मुख्यतः युरोपियनांच्याच हाती असावा असं ठरलं, आणि देशी तोफखाना जवळजवळ सगळा मोडीत निघाला. वाचले ते थोडे अपवाद: पंजाब सरहद्दीवरच्या बॅटऱ्या, हैदराबाद कंटिंजंटच्या तोफा आणि मुंबईच्या दोन कंपन्या. आमची आठवी कंपनी त्या दोनांपैकी एक.

मुंबईचे गोलंदाज अगदी ‘निष्ठावान’ होते म्हणून वाचले, असंही सरळ लिहू नका. सप्टेंबर १८५७ मध्ये सिंधमधल्या शिकारपूरला मुंबई इलाख्याच्याच गोलंदाजांनी रात्रीत तोफा ताब्यात घेतल्या होत्या. माझं वाचन असं आहे की निष्ठेपेक्षा तोफेचा आकार निर्णायक ठरला. खेचरावर मावेल एवढीच तोफ भारतीयाच्या हाती द्यायची. जी किल्ल्याची भिंत पाडू शकते किंवा मैदानात रांगा उलथवू शकते ती नाही. भारतीय सैनिकांची पहिली फील्ड ब्रिगेड उभी राहायला १९३५ साल उजाडलं, तेही बंगळूरला. ७५ हून अधिक वर्षं भारतीय तोफचीचं सगळं कसब डोंगरी तोफेत कोंडलेलं होतं. माउंटन बॅटऱ्यांना जो दरारा आणि जो अभिमान मिळाला, तो याच कोंडलेपणातून. यावर दुमत असू शकतं. हवामान, सरहद्दीची गरज, खर्च हे मुद्देही आयोगाच्या चर्चेत होते, आणि तुम्ही ते जास्त वजनदार आहेत असं दाखवू शकलात तर मला वाचायला आवडेल.

‘बॉम्बे’ या शब्दाचंही असंच. मुंबई इलाख्याचं सैन्य हे मिश्र होतं: कोकणातले मराठे, महार, परदेशी, मुसलमान, बेने इस्रायली एकाच पलटणीत. १८६८ मध्ये रॉबर्ट नेपियर मुंबईहून ॲबिसिनियावर गेला. तेव्हा ब्रिटिश माउंटन बॅटऱ्यांच्या जोडीला मुंबईच्या देशी तोफखान्याची एक कंपनी होती. मग १८८० आलं. जुलैत मैवंदला मुंबई सैन्याच्या ब्रिगेडचा दारुण पराभव झाला, आणि ऑगस्टमध्ये रॉबर्ट्स काबूलहून कंदाहारला तीनशे मैलांहून अधिक अंतर तीन आठवड्यांत चालून गेला, चाकांची एकही तोफ न घेता, १८ डोंगरी तोफा खेचरांवर लादून. त्यात नव्या स्क्रू-गनही होत्या. एकाच उन्हाळ्यात डोंगरी तोफेची कीर्ती आणि मुंबई सैन्याची अपकीर्ती. पुढे हाच रॉबर्ट्स भारताचा सरसेनापती झाला आणि ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत धोरण बनला. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली, १८९५ मध्ये इलाख्यांची वेगळी सैन्यं संपली.

याचा परिणाम १९१५ मध्ये गॅलिपोलीला दिसतो. २५ एप्रिलला ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांबरोबर किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या तोफा २६ व्या जेकब्ज माउंटन बॅटरीच्या. ती मुंबईच्याच तोफखान्यातून आलेली, आमच्या बॅटरीची सख्खी धाकटी बहीण. पण तोफांवरचे लोक कोण? पंजाबी मुसलमान आणि शीख. वंश मुंबईचा सांगितला जातो, माणसं झेलम-रावळपिंडीकडची. १९४७ मध्ये कोहाट, पेशावर या बॅटऱ्या पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या आणि बॉम्बे भारतात राहिली. मग ‘पहिली’ ठरण्याचा मान तिच्याकडे आला, कारण सीमेच्या या बाजूला तिच्याहून जुनं कोणी उरलं नव्हतं.

विषय शोधत असाल तर इथे एक मोकळी जागा आहे. सी. ए. एल. ग्रॅहम यांचा भारतीय माउंटन तोफखान्यावरचा १९५७ चा ग्रंथ अजून सगळ्यांचा आधार आहे, पण तो माजी अधिकाऱ्याने लिहिलेला रेजिमेंटचा इतिहास आहे, भरतीचा नाही. १८२७ च्या आठव्या कंपनीत गावं कोणती होती, आडनावं कोणती होती, आणि १८६० ते १९०० च्या दरम्यान नेमक्या कोणत्या वर्षी कोकण-देशावरची शेवटची भरती झाली, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत. मुंबईच्या राज्य अभिलेखागारात लष्करी खात्याचे बाड आहेत. सुरुवात करायची तर मी १८५९ पासून करेन, आणि अधिकाऱ्यांच्या अहवालाआधी पेन्शनचे कागद मागवेन. मागणीपत्रावर मात्र ‘माउंटन’ लिहू नका, ‘गोलंदाज’ आणि ‘नेटिव्ह आर्टिलरी’ लिहा. नाहीतर ‘आढळ नाही’ असा शेरा मारून कागद परत येईल.