पाणी, माती आणि पाहुणीं झाडें

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. शाळेंतल्या मुलांना विचारलें तर तींही हेंच सांगतात. परंतु इतिहासाचीं कांहीं पानें हिरवीं असतात. दसऱ्याच्या दिवशीं आपण दाराला झेंडूचें तोरण बांधतों. तो झेंडू मूळचा मेक्सिको देशाचा. त्याच सुमारास बाजारांत सीताफळांच्या पाट्या येऊं लागतात. तें फळही अमेरिका खंडांतून आलेलें. आपल्या परसांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत असे किती प्रवासी मुक्कामाला आहेत, याचा आपण सहसा विचार करीत नाहीं. आज मी छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरकारदरबारीं औरंगाबाद म्हणत त्या शहराच्या बागांविषयीं दोन शब्द सांगणार आहें.

बागेची गोष्ट सांगावयाची तर आधीं पाण्याची सांगितली पाहिजे. या शहराचें जुनें नांव खडकी. नांवांतच सारें आलें. अशा ठिकाणीं १६१० च्या सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें नगर वसविलें. हा पुरुष मूळचा हबशाण देशांतला. गुलाम म्हणून हातोहात विकला जात तो दख्खनेंत आला आणि मोगलांना जेरीस आणणारा सेनापति झाला. त्याचे गनिमी डावपेंच प्रसिद्धच आहेत. परंतु माझ्या मतें त्याचा सर्वांत टिकाऊ पराक्रम जमिनीखालीं आहे. हर्सूलच्या उत्तरेस डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी त्यानें भुयारी नहरींत गोळा केलें आणि केवळ उताराच्या बळावर शहरांत आणलें. ना मोट, ना रहाट. हवा खेळावी आणि गाळ काढतां यावा म्हणून वाटेंत विहिरीसारखीं तोंडें ठेविलीं. शहरांत उंच बंबे बांधले. पाणी बंब्यांत वर चढे, तेथें त्याचा जोर आवरला जाई, कोंडलेली हवा सुटे, आणि मग तें हौदाहौदांत वांटलें जाई. हीच ती नहर-ए-अंबरी. मलिक अंबर १६२६ सालीं वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. राज्य गेलें, नगराचें नांव बदललें, परंतु नहर वाहत राहिली, आणि पुढच्या राज्यकर्त्यांनीं तिच्या जोडीला आणखी नहरी खोदविल्या.

त्यांपैकीं एकीचें पाणी पाणचक्कीला मिळालें. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्यांतली ही चक्की १७४४ च्या सुमारास उभी राहिली. मातीच्या नळांतून आलेलें पाणी तेथें उंच भिंतीवर चढतें आणि वरून हौदांत कोसळतें. तें वर कसें चढतें, असें मुलें हटकून विचारतात. उत्तर सोपें आहे. जेथून पाणी निघालें ती जागा या भिंतीहून उंच आहे, आणि बंद नळांतलें पाणी आपली पातळी विसरत नाहीं. त्या पडत्या पाण्यावर जातें फिरे आणि फकीर व यात्रेकरूंना पीठ मिळे. पाण्याचा एकच प्रवाह तहान भागवी, दळण दळी, हौद भरी आणि शेवटीं झाडांच्या मुळांशीं जाई. काटकसरीचा याहून सुंदर धडा मला ठाऊक नाहीं.

पाणी आलें, म्हणून बागा आल्या. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ सालीं निवर्तली, आणि तिच्या कबरीवरचा बीबीका मकबरा १६६०-६१ च्या सुमारास पुरा झाला. तो शाहजादा आजमशहानें बांधिला असें सांगण्याची रूढि आहे. पण आजमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे त्या वेळीं तो सात-आठ वर्षांचा होता. तेव्हां खरी आज्ञा बापाचीच असावी, असें मानणें सयुक्तिक दिसतें. लोक मकबऱ्याचे मिनार पाहतात आणि ताजमहालाशीं तुलना करून परत फिरतात. मी म्हणतों, आधीं भोंवतालची बाग पहा. सरळ पाट, मधोमध कारंजीं, आणि त्यांनीं पाडलेले चौकोन. ही इराणकडून आलेली चारबागेची रीति. बादशहाची भूमिति अशी काटेकोर, परंतु झाडांना ती मान्य कोठें असते? फांदी जिकडे ऊन तिकडे वळते, आणि मूळ जिकडे ओल तिकडे सरकतें. माळ्याचा सारा जन्म या दोन हट्टांची समजूत घालण्यांत जातो, आणि खरें सांगावयाचें तर बागकामाची गंमतही तींतच आहे.

याच आजमशहानें पुढें एकदां बापाकडे आंबे धाडले व त्यांस नांवें द्यावीं अशी विनंति केली. औरंगजेबानें नांवें सुचविलीं तीं ‘सुधारस’ आणि ‘रसनाविलास’. दोन्ही शुद्ध संस्कृत! खुद्द औरंगजेबही तरुणपणीं दख्खनचा सुभेदार असतांना आंब्यांवरून बापाचीं बोलणीं खाऊन बसला होता. बऱ्हाणपुरास शहाजहानच्या आवडीचें एक झाड होतें. त्याचीं फळें नीट पोहोंचलीं नाहींत, अशी बादशहाची तक्रार होती. राज्यें जिंकणाऱ्यांनाही पाडाच्या आंब्यानें असें मिंधें केलें. अखेरीस १७०७ सालीं औरंगजेबाला खुलताबादेस मूठमाती मिळाली. त्या उघड्या कबरीच्या मातींत सबज्याचें रोप लावलेलें असतें. सबजा म्हणजे आपल्या तुळशीच्याच गोत्रांतला.

आतां दौलताबादेकडे वळूं. मुहंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी येथें आणली, हें आपण जाणतोंच. त्याच शतकांत आलेला प्रवासी इब्न बतूता येथील द्राक्षें आणि डाळिंबें यांची वाखाणणी करतो, आणि तीं वर्षांतून दोनदां येतात असें नमूद करतो. त्यास याचें नवल वाटलें तें साहजिक होतें. थंड मुलखांत हिवाळ्यांत द्राक्षवेल पानें टाकून झोपी जाते. आपल्याकडे तशी थंडी नाहीं, म्हणून वेल झोपतच नाहीं. तिला माळी कात्रीनें जागें करतो. आजचे द्राक्षबागाईतदार एप्रिलांत एक छाटणी करतात ती काडी धरण्यासाठीं, आणि ऑक्टोबरांत दुसरी करतात ती घड धरण्यासाठीं.

डाळिंब आणि मोसंबी यांची तऱ्हा आणखी निराळी. या झाडांना फुलवावयाचें तर आधीं तहानेलें ठेवावें लागतें. माळी पाणी तोडतो. याला ‘ताण देणें’ म्हणतात. पानें पिवळीं पडून गळतात, झाड उदास दिसूं लागतें. मग खत घालून पाणी सोडलें कीं अंगभर कळ्या येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो तो आंबे बहार, पावसाच्या तोंडावर मृग बहार, आणि पावसाळा सरतांना हस्त बहार. मोसंबीच्या नांवांत आफ्रिकेंतला मोझांबिक देश दडला आहे असें सांगतात. मलिक अंबराप्रमाणें तीही आफ्रिकेच्या किनाऱ्याचें नांव घेऊन आली आणि मराठवाड्याची होऊन बसली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

परंतु माळ्यानें मोजून दिलेला ताण वेगळा आणि दैवानें दिलेला वेगळा. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना आणि औरंगाबाद या जिल्ह्यांतल्या कितीएक मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षें पोसलेलीं झाडें शेतकऱ्यांनीं स्वतःच्या हातांनीं तोडून सरपणाला घातलीं. ज्यानें एखादें रोप तरी वाढविलें असेल त्याला त्या कुऱ्हाडीचा आवाज आपल्या घरांत बसूनही ऐकूं येईल.

अशा मुलखांत टिकून राहिलें तें सीताफळ. दौलताबादच्या डोंगरउतारांवर तें रानासारखें वाढतें. शेळी त्याचा पाला खात नाहीं, आणि पाऊस ओढला तरी तें तग धरतें. नांव सीतेचें, धाकट्या भावंडाचें नांव रामफळ. तेव्हां हें फळ पुराणकाळापासून आपलेंच, असें कोणासही वाटेल. भारहुतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळ दिसतें असें जनरल कनिंगहॅम यांना वाटलें होतें, आणि त्यावरून पंडितांत वाद माजला. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र सांगतात कीं या फळाचे सगेसोयरे अमेरिकेंत आहेत; पोर्तुगीजांच्या काळांत तें इकडे रुजलें असावें. दोन्ही गोष्टी मनांत ठेवाव्या. जन्म परदेशीं, परंतु आपल्या लोकांनीं त्याला देवाघरचें नांव दिलें. दत्तक घेण्याचा याहून मोठा विधि कोणता?

या झाडाच्या फुलाचा स्वभावही मौजेचा आहे. एकाच फुलांत स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, पण त्यांची वेळ जुळत नाहीं. स्त्रीकेसर आधीं तयार होतो, आणि पराग मागाहून सुटतो. इवलेसे भुंगेरे एका फुलांतला पराग दुसऱ्यांत नेतील तेव्हां फळ धरावें. म्हणून पुष्कळ फुलें तशींच गळून जातात. ज्यांच्या परसांत सीताफळ असेल त्यांनीं एका फुलाचा पराग मऊ कुंचल्यानें नुकत्या उमललेल्या दुसऱ्या फुलाला लावून पहावा. फळ धरलें तर घरांतल्या मुलांना झालेला आनंद पाहण्याजोगा असतो.

शेवटीं पुन्हां नहरीकडे येतों. हिमायतबागेंत आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे मोगलांच्या जागेंत कलमें बांधण्याचें काम अजून चालू आहे. परंतु ज्या नहरींनीं या बागा जगविल्या, त्यांचे नळ जागोजाग रस्त्यांखालीं आणि इमारतींच्या पायांत फुटले, तोंडें बुजलीं, आणि बंबे ओस पडले. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचें पाणी शहराला मिळूं लागलें आणि जुन्या पाण्याची आठवण मंदावली. दुरून, यंत्रानें उपसून आणलेलें पाणी वाईट नव्हे. त्यावरच आज आपण जगतों. परंतु चारशें वर्षें वीज न जाळतां आलेलें पाणी ज्या वाटेनें येई ती वाट बुजविणें, हें कोणत्याही हिशेबांत शहाणपणाचें ठरत नाहीं. जुना किल्ला पडला तर आपण हळहळतों. नहर फुटली तर कोणाला कळतही नाहीं, कारण ती जमिनीखालीं असते.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंति एवढीच. घरांतल्या मुलांना झाडांचीं नांवें शिकवा. तें झाड कोणत्या देशाहून आलें, कोणी आणलें, हें शोधावयास लावा. आणि त्यानंतर त्यांना विचारा, आज सकाळीं तुम्हीं या कुंडींत जें पाणी घातलें तें कोठून आलें? या एका प्रश्नाचें उत्तर शोधीत एखादें मूल हर्सूलच्या डोंगरापर्यंत जाऊन पोहोंचलें, तर तें या शहराचा इतिहास पुस्तकावांचून शिकलें असें मी समजेन.