मिश्रधातू, नीच वितळबिंदूच्या

कथिलाच्या वितळबिंदूपेक्षा (२३२° से.) कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रधातूंचा सामान्यतः या गटात समावेश करतात. बिस्मथ, शिसे, कथिल, कॅडमियम व इंडियम हे त्यांचे प्रमुख घटक होत. बिस्मथ २७१° से., शिसे ३२७° से. व कॅडमियम ३२१° से. तापमानास वितळते, परंतु बिस्मथ, शिसे व कथिल योग्य प्रमाणात एकत्र केल्यास ती उकळत्या पाण्यात वितळतात. ही गोष्ट अठराव्या शतकातच माहीत झाली होती. तिचे कारण समजण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. मधल्या काळात या मिश्रधातूंवर माणसांच्या प्राणरक्षणाची जबाबदारी टाकण्यात आली होती. त्यामुळे त्यांच्या वितळण्याचा अभ्यास हा केवळ कुतूहलाचा विषय राहिला नाही.

प्रारंभीचा इतिहास : आयझॅक न्यूटन (१६४२–१७२७) यांनी १७०१ मध्ये फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स या नियतकालिकात आपले नाव न देता उष्णतेच्या मापश्रेणीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. कमी तापमानासाठी त्यांनी जवसाच्या तेलाचा तापमापक वापरला. त्यापुढील तापमानांसाठी तापलेल्या लोखंडाच्या ठोकळ्यावर धातूंचे व मिश्रधातूंचे तुकडे ठेवून, ठोकळा निवत असताना ते केव्हा गोठतात ते त्यांनी पाहिले. कथिल, शिसे व बिस्मथ यांची मिश्रणे त्यांच्या मापश्रेणीत स्थिर बिंदू म्हणून आली आहेत. ८ भाग बिस्मथ, ५ भाग शिसे व ३ भाग कथिल असलेल्या मिश्रधातूस पुढे ‘न्यूटन धातू’ हे नाव पडले. जर्मन औषधनिर्माते व्हालेंटीन रोझ (थोरले, १७३६–७१) आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां दार्से यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूही याच तीन धातूंच्या आहेत. त्यांतील प्रमाणे थोडी वेगळी असली, तरी सर्व सु. १००° से. तापमानाच्या आत वितळतात. गोठताना बिस्मथ प्रसरण पावत असल्याने अशा मिश्रधातू साच्याच्या बारीकसारीक रेषा अचूक उमटवितात. म्हणून ठसे घेण्यासाठी त्या वापरात आल्या.

बाष्पित्रांची सुरक्षा : १८०३ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक (१७७१–१८३३) यांच्या उच्च दाबाच्या एंजिनाच्या बाष्पित्राचा स्फोट होऊन प्राणहानी झाली. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी बाष्पित्रात शिशाची गुडदी बसविण्याची युक्ती काढली. पाण्याची पातळी धोक्याइतकी खाली गेली की, उघडी पडलेली गुडदी वितळून वाफेला वाट मिळते. फ्रान्समध्ये १८२३ च्या आदेशाने बाष्पित्रांवर सहज वितळणाऱ्या मिश्रधातूच्या चकत्या बसविणे बंधनकारक करण्यात आले. वाफेचा दाब वाढला की तिचे तापमानही वाढते. तेव्हा ठराविक तापमानास वितळणारी चकती ठराविक दाबास फुटेल, असा त्यामागील तर्क होता.

हा तर्क बरोबर असला, तरी चकती नेहमी तो पाळीत नसे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील फ्रँक्लिन इन्स्टिट्यूटच्या समितीने १८३० नंतरच्या काही वर्षांत अलेक्झांडर डॅलस बेश (१८०६–६७) यांच्या नेतृत्वाखाली बाष्पित्रांच्या स्फोटांविषयी प्रयोग केले. तेव्हा असे दिसून आले की, दाबाखाली तापणाऱ्या चकतीतील आधी वितळणारा भाग पाझरून बाहेर पडतो. मागे राहणाऱ्या सच्छिद्र भागाचा वितळबिंदू मूळ मिश्रधातूपेक्षा जास्त असतो. त्यामुळे ज्या तापमानास चकतीने वाट करून द्यावयाची, ते ओलांडले तरी ती टिकून राही व तिच्यावर विसंबून असलेला कामगार धोक्यात येई. मिश्रधातूस शुद्ध धातूप्रमाणे एकच वितळबिंदू असतो, हे गृहीतच चुकीचे होते.

शीतलनाचा अभ्यास : या घटनेचे उत्तर देणारा पुरावा त्याच सुमारास स्वीडनमध्ये मिळत होता. अप्साला येथील भौतिकीविज्ञ फ्रेड्रिक रूडबेर्य (१८००–३९) यांनी सु. १८३० मध्ये वितळलेल्या मिश्रधातूंत तापमापक ठेवून तापमान ठराविक अंशांनी उतरण्यास लागणारा वेळ मोजला. शिसे-कथिल मिश्रधातू निवताना तापमानाची घसरण दोनदा मंदावते, असे त्यांना आढळले. पहिला टप्पा घटकांच्या प्रमाणानुसार बदलतो. दुसरा मात्र प्रमाण काहीही असले तरी जवळजवळ एकाच तापमानास येतो. आधुनिक मापनानुसार हे तापमान १८३° से. असून, सु. ६२% कथिल असलेल्या मिश्रधातूत हा एकच टप्पा दिसतो. हे प्रमाण शिशाचा एक अणू व कथिलाचे तीन अणू या साध्या गुणोत्तराच्या इतके जवळ आहे की, ते एक रासायनिक संयुग असावे असे वाटणे स्वाभाविक होते.

हा समज दूर करण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटिश भौतिकीविज्ञ फ्रेडरिक गथ्री (१८३३–८६) यांच्याकडे जाते. मीठ व बर्फ यांच्या मिश्रणांवरील आपल्या संशोधनाचा धागा धरून त्यांनी १८८४ मध्ये मिश्रधातूंचा विचार केला व सर्वांत कमी तापमानास वितळणाऱ्या मिश्रणास ‘सहज वितळणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘यूटेक्टिक’ हे नाव दिले. अशा मिश्रणांतील घटक साध्या अणुगुणोत्तरात नसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

सूक्ष्मरचना : शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी (१८२६–१९०८) यांनी १८६३–६४ मध्ये पोलादाचे पृष्ठ घासून, अम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत रूढ केली होती. हीच पद्धत पुढे मऊ मिश्रधातूंना लावण्यात आली. सूक्ष्मदर्शकाखाली यूटेक्टिक एकजिनसी दिसत नाही. शिसे-कथिल यूटेक्टिकात शिसेबहुल व कथिलबहुल अशा दोन प्रावस्थांचे पातळ थर एकाआड एक असतात. म्हणजे ते संयुग नसून एकाच वेळी गोठलेल्या दोन घन पदार्थांचे मिश्रण होय. फ्रान्समधील झॉर्झ शार्पी (१८६५–१९४५) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिसे, कथिल व बिस्मथ या तीन धातूंच्या मिश्रधातूंचा याच दृष्टीने अभ्यास केला. सु. ५२% बिस्मथ, ३२% शिसे व १६% कथिल असलेली त्यांची यूटेक्टिक ९६° से. तापमानास वितळते. न्यूटन, रोझ व दार्से यांच्या मिश्रधातू याच बिंदूच्या आसपासच्या होत्या.

या ज्ञानामुळे बाष्पित्रातील चकतीच्या वर्तनाचा उलगडा झाला. यूटेक्टिकाहून वेगळ्या प्रमाणाच्या मिश्रधातूत प्रथम एका घटकाचे वृक्षाकृती स्फटिक वेगळे होतात आणि उरलेला द्रव यूटेक्टिक प्रमाणास पोहोचून त्यांच्यामधील जागेत गोठतो. तापविताना हाच क्रम उलटा होतो. मधला यूटेक्टिक भाग आधी वितळतो व दाब असल्यास बाहेर ढकलला जातो. यूटेक्टिक मिश्रधातू मात्र एकाच तापमानास पूर्णपणे वितळते. म्हणून जेथे नेमक्या तापमानास वितळणे आवश्यक असते, तेथे तीच निवडतात.

उपयोग : याउलट, वितळण्याचा लांब पल्ला काही कामांत सोयीचा ठरतो. नळकाम करणारे कारागीर शिशाच्या नळांना डाख देण्यासाठी दोन भाग शिसे व एक भाग कथिल असलेली मिश्रधातू वापरीत. सु. २५०° ते १८३° से. या तापमानांच्या दरम्यान ती लगद्यासारखी राहते व फडक्याने सांध्यावर हवी तशी बसविता येते. विद्युत् मंडलांतील नाजूक जोडांना मात्र चटकन गोठणारी, यूटेक्टिकाजवळची मिश्रधातू लागते.

१८६० मध्ये अमेरिकन दंतवैद्य बार्नबस वुड यांनी या तीन धातूंत कॅडमियम मिसळून सु. ७०° से. तापमानास वितळणारी मिश्रधातू तयार केली. अमेरिकेतच हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आग लागताच आपोआप पाणी फवारणारे साधन बनविले. फ्रेडरिक ग्रिनेल (१८३६–१९०५) यांनी पुढे त्यात मोठी सुधारणा केली. या साधनांत पाण्याची वाट अडविणारी झडप नीच वितळबिंदूच्या डाखाने धरलेली असते. इंडियमाची भर घातल्यावर वितळबिंदू ४७° से. पर्यंत खाली आणता आला.

शिसे व कॅडमियम विषारी असल्याने त्यांचा वापर पुढे मर्यादित होत गेला. यूरोपीय संघात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील शिशावर निर्बंध आले आणि कथिल, चांदी व तांबे यांच्या सु. २१७° से. तापमानास वितळणाऱ्या डाखाचा प्रसार झाला. त्याहून कमी तापमानाच्या कामांसाठी १३८° से. तापमानास वितळणारी बिस्मथ-कथिल यूटेक्टिक वापरतात. या सर्व मिश्रधातूंच्या बाबतीत एक अडचण समान आहे. शिसे-कथिल यूटेक्टिकाचा वितळबिंदू निरपेक्ष मापश्रेणीत ४५६ के. आहे, म्हणजे २९८ के. एवढे नेहमीचे तापमानही त्याच्या सु. ६५% होते. त्यामुळे अणूंची हालचाल चालू राहून जोडातील सूक्ष्म थर कालांतराने जाड होतात. वारंवार तापण्या-निवण्याने अशा जोडास तडे जाऊ शकतात. जोड भरवशाचा आहे की नाही हे ठरविण्यासाठी वितळबिंदूबरोबर सूक्ष्मरचनाही तपासावी लागते.