बैगांची बेवर

परमुलखात नेमणूक झालेल्या मराठी अधिकाऱ्याला तेथील भूमीची पहिली ओळख घडते ती बहुधा दप्तरातून. खसरे, नकाशे आणि जुन्या बंदोबस्तांचे अहवाल हेच त्याचे पहिले गुरू. त्या दप्तरात 'पडीक' हा शब्द इतक्या वेळा येतो की, तो वाचताना आपण क्षणभरही थांबत नाही. नर्मदेच्या उगमाजवळील मैकल डोंगरात मात्र या एका शब्दाने एका जमातीची शेती जवळजवळ पुसून टाकली. ती हकीगत आम्हां कागदाशी व्यवहार करणाऱ्यांनी तरी जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

मंडला, बालाघाट आणि आज दिंडोरी म्हणून वेगळा झालेला जिल्हा हा बैगांचा मुलूख. त्यांच्या शेतीचे नाव बेवर. तीत नांगर नाही, बैल नाहीत. कुऱ्हाड आणि अग्नी हीच अवजारे. डोंगराच्या उतारावरील रानाचा एक तुकडा उन्हाळ्यापूर्वी तोडावयाचा, फांद्या उन्हात वाळू द्यावयाच्या, पावसाच्या तोंडावर त्या पेटवावयाच्या आणि निवलेल्या राखेत कोदो, कुटकी व इतर धान्ये मिसळून फेकावयाची. राख हेच खत. आगीच्या धगीने तणाचे बी मरते आणि वरची माती भुसभुशीत होते. खुंट व मुळे जमिनीतच राहतात. तीच उताराची माती धरून ठेवतात आणि पुढे त्यांनाच नवे धुमारे फुटतात. दोनतीन वर्षांत तण माजते व पीक उतरते. मग तो तुकडा रानाला परत द्यावयाचा आणि दुसरा तोडावयाचा.

या पद्धतीचे मर्म तोडण्यात नाही, सोडण्यात आहे. उदाहरणादाखल असे धरा की, एक तुकडा तीन वर्षे पिकवून पंधरा वर्षे विसावू दिला. म्हणजे एका कुटुंबाला असे सहा तुकडे हवेत. पाहणी करणाऱ्याला त्यांपैकी एकच शेत दिसते. उरलेल्या पाचांवर झुडपे दिसतात. तो ते पाचही पडीक लिहितो. वस्तुतः ते शेताचेच भाग असतात. पिकाचे बळ तेथे साठत असते. काळ मोजण्याचा रकाना मात्र खसऱ्यात नसतो.

बैगांना हा केवळ सोयीचा व्यवहार नव्हता. नांगराने धरणीमातेची छाती फाडू नये, अशी आज्ञा आपल्या आदिपुरुषाला, नंगा बैगाला, देवानेच केली, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे नांगर धरणे म्हणजे धर्म सोडणे असे त्यांना वाटे.

1860 नंतर मध्य प्रांतात सरकारी वनव्यवस्था आली. लोहमार्गांना स्लीपर हवे होते आणि साल हे त्यासाठी उत्तम लाकूड. कॅप्टन जेम्स फॉर्सिथचा या प्रदेशावरील ग्रंथ 1871 साली प्रसिद्ध झाला. बैगांच्या रानविद्येचे कौतुक आणि त्यांनी जाळलेल्या रानाची हळहळ ही दोन्ही तो एकाच लेखणीने लिहितो. 1878 च्या वन कायद्याने राखीव वनांची पकड घट्ट झाली. बैगांनी नांगर धरावा यासाठी दडपण वाढत गेले. अखेर 1890 साली मंडला जिल्ह्यात सुमारे 24,000 एकरांचा एक दुर्गम पट्टा 'बैगा चक' म्हणून आखून देण्यात आला. बेवर करावयाची ती त्याच्या आत, बाहेर नांगर. 1892 साली एका बैगाने सरकारकडे अर्ज केला. त्यात त्याने उपासमार सांगितली आणि कुऱ्हाडीवाचून आपली दुसरी दौलत नाही, अंगावर वस्त्र नसल्याने रात्र शेकोटीशी काढावी लागते, असेही सांगितले.

आखणाऱ्याच्या मनात दयाही असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या शेतीचा प्राण मोकळ्या फिरण्यात, तिला हद्दीचे दगड घातले की विसाव्याची वर्षे घटतात, माती थकते. आणि मग अहवालात लिहावयास मिळते की, ही पद्धतच नाशकारक आहे. दाट वस्तीत बेवरीने डोंगर उघडे पडतात, ही वनाधिकाऱ्याची तक्रारही खोटी नव्हे. प्रश्न इतकाच की, ती दाटी झाली कशाने?

ही गोष्ट आपल्याला परकी वाटावयास नको. ठाणे व कुलाब्याचा शेतकरी भाताच्या रोपासाठी जमिनीवर फांद्या, शेण व गवत पसरून राब भाजतो. डोंगरावर ठाकूर व कातकरी दळीच्या जमिनीत नाचणी-वरई करीत आले. त्या फांद्यांवर वनखात्याने निर्बंध घातले, तेव्हा एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला 1885 साली चौकशी आयोग नेमावा लागला. ब्रह्मदेशात तर वेगळेच घडले. तेथे डीट्रिख ब्रँडिसच्या व्यवस्थेत करेन लोकांनी आपल्याच फिरत्या शेतात पिकाबरोबर सागाची रोपे लावावी, अशी योजना झाली आणि तिची पुढे वाहवा झाली. शेतीची पद्धत तीच; साग मिळू लागताच तिच्यावरील आक्षेप मावळला!

1932 साली व्हेरिअर एल्विन आणि आपले शामराव हिवाळे मंडल्यातील करंजियास येऊन राहिले. एल्विनचा बैगांवरील ग्रंथ 1939 साली निघाला आणि आदिवासींना त्यांच्या रानात स्वस्थ राहू द्यावे, असे त्याने मांडले. मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1943 साली या वेगळेपणावरच कडाडून आक्षेप घेतला. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. जागतिक अन्न व शेती संघटनेने 1957 साली फिरत्या शेतीविरुद्ध सरकारांना आवाहन केले आणि त्याच वर्षी त्याच संघटनेने हॅरल्ड काँक्लिनचा फिलिपीन्समधील हानुनोओंवरील अभ्यासही छापला. अशा शेतीत किती बारीक ज्ञान साठलेले असते, ते त्याने दाखविले होते.

आज बेवर फारशी उरलेली नाही. 2006 च्या वनाधिकार कायद्याने अशा जमातींच्या अधिवासाचा हक्क मान्य केला आणि पुढे बैगा चकातील काही गावांना तो प्रत्यक्ष मिळाला. ज्या कागदाने बाहेर काढले, त्याच कागदाने सव्वाशे वर्षांनी आत घेतले. मधल्या पिढ्यांची भरपाई मात्र कोणत्याही रकान्यात बसत नाही. म्हणून पुढच्या वेळी 'पडीक' लिहिण्यापूर्वी, ही जमीन केव्हापासून आणि कोणासाठी विसावली आहे, एवढे गावात विचारून घ्यावे. त्यासाठी वरून हुकूम यावा लागत नाही.