स्त्रीधन आणि त्याची किल्ली

लग्नमंडपांत मुलीच्या अंगावर जे दागिने चढतात ते कोणाचे? बापानें घातलेल्या पाटल्या, मामानें दिलेली ठुशी, सासूनें हातांत भरलेले गोठ, हें सारें त्या मुलीचें, असें घरोघर तोंडानें म्हटलें जातें. दुसऱ्या दिवशीं मात्र ते डबे सासूच्या कपाटांत जातात आणि किल्ली सासूच्या कमरेला राहते. संसार सुरळीत चालला तर या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची वेळ कोणावर येत नाहीं. संसार मोडला कीं पहिला तंटा याच डब्यावरून होतो. आपल्या प्राचीन शास्त्रकारांना हा तंटा चांगला ठाऊक होता. म्हणूनच त्यांनीं त्यासाठीं ‘स्त्रीधन’ हा स्वतंत्र शब्द योजिला आणि त्याचे नियम बांधून दिले.

मनुस्मृतींत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाच्या अग्नीसमोर दिलेलें तें अध्यग्नि, सासरीं जातांना मिळालेलें तें अध्यावाहनिक, नवऱ्यानें प्रेमानें दिलेलें, आणि आई, बाप व भाऊ यांच्याकडून आलेलें. याच ग्रंथांत भार्या, पुत्र आणि दास हे तिघेही निर्धन, त्यांनीं मिळविलेलें तें त्यांच्या धन्याचें, असेंही एक वचन आहे. हीं दोन वचनें एका घरांत नांदावयाचीं कशीं, याचा खल टीकाकारांनीं पुष्कळ केला. त्यांनीं काढलेली वाट अशी कीं, दुसरें वचन मालकी नाकारीत नाहीं, केवळ व्यवहारांतील परतंत्रता सांगतें. धन तिचें खरें, पण तें खर्चावयाचें तर दुसऱ्यास विचारून. ही तडजोड फार दिवस टिकली, आणि तिची किंमतही फार पडली.

कौटिल्याची दृष्टि निराळी. त्याचें अर्थशास्त्र शेंकडों वर्षें लुप्त होतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं तें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, आणि त्यांतील विवाहाचें प्रकरण वाचून अनेक विद्वान चकित झाले. कौटिल्य धर्मोपदेशकाच्या आसनावर बसत नाहीं, तो न्यायाधीशाच्या चौकीवर बसून बोलतो. स्त्रीधनाचे तो दोनच भाग करतो : उपजीविकेची तरतूद ती वृत्ति आणि अंगावर बांधावयाचें तें आबध्य. वृत्तीला दोन हजारांची मर्यादा, दागिन्यांना मर्यादा नाहीं. नवरा परदेशीं गेला आणि मागें पोटाची सोय ठेवली नाहीं, तर स्त्रीनें हें धन मोडून खाल्लें तरी दोष नाहीं. नवऱ्यानें तें वापरलें असेल तर हिशेब विवाहाच्या प्रकारावर ठरे. धर्मविवाहांत, मुलेंबाळें असलेल्या जोडप्यानें तीन वर्षें मिळून उपभोगिलेलें असेल तर तक्रार चालत नसे ; गांधर्व किंवा आसुर विवाहांत तें व्याजासह परत करावें लागे ; राक्षस व पैशाच विवाहांत तर ती सरळ चोरी मानली जाई.

घटस्फोटाला कौटिल्य ‘मोक्ष’ म्हणतो. परस्परांच्या द्वेषानें मोक्ष मिळतो, एकाच्या द्वेषानें मिळत नाहीं, आणि धर्मविवाहांना तो मुळींच नाहीं. पत्नीच्या अपराधामुळें नवरा मोक्ष मागत असेल, तर तिच्याकडून जें घेतलें असेल तें त्यानें परत द्यावें. नवऱ्याच्या अपराधामुळें ती मोक्ष मागत असेल, तर मात्र त्यानें घेतलेलें तिला परत मिळावयाचें नाहीं. छळ त्याचा आणि भुर्दंड तिला, असा हा न्याय. कौटिल्याची थोरवी गातांना हें वाक्य वगळून चालणार नाहीं.

याज्ञवल्क्यानें नवऱ्याला चार प्रसंगीं सूट दिली : दुष्काळ, धर्मकार्य, रोग आणि कैद. या आपत्तींत बायकोचें धन घेतलें तर तें फेडण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. सूट नवऱ्याची, इतर कोणाची नव्हे, असें मिताक्षराकार विज्ञानेश्वर बजावतो. दीर, सासरा यांना तीं कारणें सांगतां येत नाहींत. पण ‘धर्मकार्य’ हा शब्द किती रुंद आहे हें कोणत्याही गृहस्थाला कळेल. नणंदेचें लग्न, सासऱ्याचें वर्षश्राद्ध, काशीयात्रा, सर्व त्यांत बसतें.

या बाबतींत सर्वांत कणखर शास्त्रकार म्हणजे कात्यायन. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. इतर निबंधकारांनीं घेतलेल्या उताऱ्यांतून तो जगला. नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांपैकीं कोणालाही स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाहीं, जबरीनें घेतलें तर व्याजासह परत करावें आणि दंडही भरावा, असें तो सांगतो. आणि नवऱ्यानें दुसरी बायको करून पहिलीला टाकिलें, तर तिनें पूर्वीं प्रेमानें आपण होऊन दिलेलें धनही त्याच्याकडून बळानें परत देववावें. प्रेमांत दिलेलें प्रेम संपल्यावर परत मागतां येतें, हा विचार त्या काळीं लिहिला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

विज्ञानेश्वरानें पुढें ‘आद्य’ या एका शब्दाच्या आधारें वारसा, खरेदी, वांटणी यांनीं मिळालेलें सर्व धन स्त्रीधनांत घातलें. इंग्रजी अमलांत प्रिव्ही कौन्सिलनें ही व्याख्या आंखडली. वारशानें आलेली मिळकत बहुतेक ठिकाणीं विधवेच्या हयातीपुरती ठरली. मुंबई इलाख्यांत मात्र, जेथें मिताक्षरेबरोबर पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठाचा व्यवहारमयूख मानला जाई, मुलीला बापाकडून आलेली मिळकत पूर्ण मालकीची समजली गेली.

कायद्यांतील शब्द कितीही मोठे असले तरी मुंबईच्याच न्यायालयांत १८८४ ते १८८८ या काळांत गाजलेल्या रखमाबाईंच्या खटल्यानें त्यांची परीक्षा झाली. रखमाबाईंच्या आई जयंतीबाई विधवा झाल्या व पुढें त्यांनीं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. १८५६ च्या कायद्यानें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क जाई ; ती मिळकत मुलीकडे आली. मुलीचें लग्न लहानपणींच दादाजी भिकाजी यांच्याशीं झालें होतें आणि वयांत आल्यावर तिनें नांदावयास जाण्याचें नाकारिलें. दादाजींचा पक्ष म्हणे कीं, मिळकत घरांत राहावी म्हणून माहेरचे तिला अडवितात. दुसरा पक्ष म्हणे कीं, दादाजींचा डोळा मिळकतीवरच आहे. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं दावा काढून टाकिला, अपिलांत तो पुन्हा उभा राहिला, आणि १८८७ सालीं नांदावयास जा किंवा सहा महिने तुरुंगांत जा असा हुकूम झाला. शेवट १८८८ सालीं तडजोडीनें झाला : दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन आपला हुकूमनामा सोडून दिला. आपलें स्वातंत्र्य रखमाबाईंना पैसे मोजून सोडवावें लागलें, आणि तें सोडवितां आलें याचें एक कारण त्यांच्यापाशीं पैसे उभे करण्याची ऐपत होती. पुढें त्या विलायतेंत डॉक्टर झाल्या.

त्यापूर्वीं १८७४ सालीं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला होता, पण हिंदु स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर होत्या. बायकोमुलांसाठीं उतरविलेल्या विम्याचें कलम त्यांना १९२३ सालीं लागू झालें. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं १९३१ सालीं आणि मुंबई प्रांतानें १९४७ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचे कायदे केले. १९५६ च्या वारसा कायद्यानें हिंदु स्त्रीच्या मिळकतीवरील हयातीपुरता हा शिक्का पुसला.

किल्लीचा प्रश्न राहिलाच होता. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, स्त्रीधन सासरच्या कपाटांत ठेविलें म्हणून तें सामाईक होत नाहीं. नवरा व सासरचे हे केवळ ठेवीदार, आणि मागितल्यावर देण्याचें नाकारणें हा फौजदारी विश्वासघात. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरपासून हुंडाप्रतिबंधाच्या कायद्याखालीं नवा नियम आला : लग्नांतील भेटींची यादी लेखी करावी, वस्तूचें वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचें नांव व नातें त्यांत लिहावें, वधूवरांनीं सही करावी, आणि वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनें स्वतःजवळ ठेवावी.