पोटातली चौदा इंजेक्शने: एका लशीची दुहेरी कहाणी

१/ रत्नागिरीच्या वाडीवस्तीत कुत्रा चावल्याचा विषय निघाला, की वडीलधाऱ्यांना पोटात टोचली जाणारी चौदा इंजेक्शने हमखास आठवतात. त्या आठवणीमागे वैद्यकाच्या इतिहासातला एक गंभीर पेच आहे. असंख्यांचे प्राण वाचवणारी ही लस क्वचित एखाद्याच्या मेंदूवरच घाला घालीत असे.

२/ रेबीजची लक्षणे एकदा उमटली, की मृत्यू जवळपास अटळ. १८८५ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस जोसेफ माइस्टर या मुलाला दिली. हा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो; म्हणून लसही तिथूनच आली.

३/ भारतात १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. पण रत्नागिरीच्या माणसाने तिथे पोहोचायचे, तर आधी आगबोटीने मुंबई आणि मग रेल्वेने थेट हिमालयाचा पायथा! दंशानंतरचा एकेक दिवस मोलाचा असताना हा प्रवास किती जणांना परवडणार?

४/ हा अडसर १९११ मध्ये दूर झाला. कसौलीच्याच केंद्रीय संशोधन संस्थेतील डेव्हिड सेंपल यांनी फेनॉलने विषाणू मारून लस बनवली. ती कुपीत भरून दूरवर पाठवता येई. रोग्याने लशीकडे जाण्याऐवजी लस रोग्याकडे येऊ लागली.

५/ पुढे भारतात ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनू लागली. महाराष्ट्रात ती परळच्या हाफकिन संस्थेत तयार होई. जखम गंभीर असल्यास रोज एक, अशी चौदा दिवसांपर्यंत इंजेक्शने. खाड्या आणि घाट ओलांडून रोज दवाखाना गाठणे ही कोकणातल्या गरिबासाठी वेगळीच परीक्षा होती.

६/ मात्र कुपीत मृत विषाणूबरोबर मेंढीचा मेंदूही असे आणि त्यात मायलिन असे. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवतीचे स्निग्ध वेष्टन. त्यामुळेच संदेश वेगाने धावतात. मेंढीच्या आणि माणसाच्या मायलिनमधील प्रथिने बरीच सारखी असतात. मेंढीच्या मायलिनविरुद्ध चेतलेली प्रतिकारशक्ती कधी रोग्याच्या स्वतःच्याच मायलिनवर उलटे.

७/ साधारण दोनेक आठवड्यांत ताप, डोकेदुखी, पाय लुळे पडणे, लघवी अडणे अशी लक्षणे दिसत. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू व मज्जारज्जूतील बारीक शिरांभोवती पेशींचा गराडा दिसे आणि तेवढ्याच पट्ट्यात मायलिन नाहीसे झालेले असे. आतला तंतू बहुधा शाबूत राही, म्हणून अनेक जण सावरत. काही कायमचे अपंग होत, काही दगावत.

८/ दोष विषाणूचा की मेंदूच्या ऊतींचा? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क वारंवार टोचला. विषाणू नसतानाही काही माकडांना पक्षाघात झाला आणि त्यांच्या मेंदूतले मायलिन झिजलेले आढळले.

९/ याच प्रयोगातून मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अभ्यासाची एक मोठी वाट निघाली. शार्को यांनी १८६८ मध्ये वर्णिलेल्या या विकारातही मायलिन नष्ट होते. फरक असा, की लशीनंतरचा आघात बहुधा एकदाच येतो आणि शिरांभोवती विखुरतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पुनःपुन्हा हल्ले होऊन मोठे, कठीण चट्टे पडतात.

१०/ पर्यायही निघाले. १९५५ मध्ये चिलीत नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस बनवली गेली. त्या वयात मेंदूत मायलिन अत्यल्प असते. पुढे मानवी पेशींवर वाढवलेली लस आली. १९७५-७६ मध्ये इराणमध्ये पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली गेली आणि सर्व जण वाचले.

११/ १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूजन्य लशी बंद करण्याची शिफारस केली. भारतात सेंपल लशीचे उत्पादन थांबले ते २००४ च्या अखेरीस. मधली वीस वर्षे ऐपत असणारा महागडी नवी लस विकत घेई, तर सरकारी दवाखान्यातला गरीब मेंढीच्या मेंदूचीच सुई टोचून घेई.

१२/ सेंपल यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. समोर रेबीजचा मृत्यू असताना तो धोका पत्करणे शहाणपणाचेच होते. इतिहासाने जाब विचारायचा तो पुढच्या काळाला: सुरक्षित पर्याय हाती आल्यावरही तो धोका वर्षानुवर्षे केवळ गरिबाच्याच वाट्याला का राहिला?