बीच हँडबॉल : आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि पोशाखाचा नियम

क्रीडेतिहासाचे लेखन बहुधा विजेत्यांच्या याद्यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात एका दंडाचा विचार केला आहे. वाळूवरचा हा खेळ १९९० च्या दशकाच्या प्रारंभी इटलीत आकारास आला. २००४ मध्ये इजिप्तमधील एल गूना येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत इजिप्त आणि महिलांत रशिया विजयी ठरले.

दोन्ही गटांना मैदान सारखेच, एका वेळी खेळणारे खेळाडू चारच, गिरकी घेऊन केलेल्या गोलास गुणही दोनच. भेद होता तो वस्त्राचा. पुरुषांना गुडघ्याच्या १० सेंटीमीटर वरपर्यंतची अर्धी विजार. महिलांना मात्र बाजूची रुंदी १० सेंटीमीटरपेक्षा अधिक नसलेली बिकिनी. असा भेद खेळाच्या कोणत्या गरजेतून आला, याचे समाधानकारक उत्तर नियमावलीत सापडत नाही.

जुलै २०२१ मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे युरोपीय स्पर्धेच्या कांस्यपदकाच्या सामन्यात नॉर्वेच्या महिला आखूड विजारी घालून स्पेनविरुद्ध उतरल्या. युरोपीय महासंघाने प्रत्येकी १५० याप्रमाणे एकूण १५०० युरो दंड आकारला. त्यावर जगभर टीका झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने बिकिनीची सक्ती संपली. तथापि विजार अंगास घट्ट बसणारीच हवी, ही अट त्या नव्या नियमातही महिलांपुरतीच होती. पुरुषांची विजार फार सैल नसली म्हणजे पुरे.