शहाबाज : सीबीडीच्या पोटातलं गाव

बेलापूरच्या कोकण भवनात कामासाठी रोज कितीतरी माणसं येतात. फॉर्म भरतात, चहा पितात, लोकल पकडतात. आपण शहाबाज नावाच्या गावाच्या शेजारी उभे होतो हे त्यांतल्या फार थोड्यांच्या लक्षात येतं.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाचा कान या नावाला आपोआप टवकारतो. शाह आणि बाज. शहाबाज म्हणजे शाही ससाणा. हा शब्द फारसीतून आला, आणि सिंधमधल्या सेहवानच्या लाल शहबाज कलंदरांमुळे तो घरोघरी पोचला. मात्र हे गाव आगरी-कोळ्यांचं. त्यांच्या बोलीत त्याचं 'शाबाज' होतं. त्यात कुणाला काही खटकत नाही. खटकलं तर माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यालाच.

गावाची जागा हेरण्यासारखी आहे. पाठीशी पारसिकचा डोंगर, समोर पनवेलची खाडी. खाडीच्या तोंडावर किल्ला. तो जंजिऱ्याच्या सिद्दींनी बांधला असं सांगतात. १६८२ च्या सुमारास तो पोर्तुगीजांकडे गेला. त्या काळी या भागाला शाबाजच म्हणत. पुढे चिमाजी अप्पांच्या काळात मराठ्यांनी तो घेतला. किल्ला मिळाला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता आणि त्यावरून बेलापूर हे नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. १८१७ मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी किल्ल्याची मोडतोड केली. राज्यं चार झाली. बेलापूर आणि शहाबाज ही दोन्ही नावं मात्र शेजारी-शेजारी नांदत राहिली.

राजांच्या याद्या पाठ होतात, पण गावाचं पोट कशावर चालायचं हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. इथे ते मीठ, भात आणि मासळीवर चालायचं. भरतीचं पाणी अडवायला खाजणात मातीचे बांध घालायचे. आत भात पिकवायचा किंवा खारं पाणी उन्हात आटवून मीठ काढायचं. मीठ पिकतं ते आगर. आगरी हे नाव त्यावरूनच आलं असं मानतात. बांध एकट्याने टिकत नाही. एका जागी भगदाड पडलं की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. त्यामुळे दुरुस्तीला सगळ्यांना उतरावं लागायचं, आणि गावकी टिकण्याचं हेही एक कारण होतं. माल होड्यांतून मुंबईला जायचा.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. गावठाण ठेवलं, भोवतालची शेती आणि मिठागरं गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

मी गणित शिकवत नाही, पण हा हिशेब मुलांना फळ्यावर घालतो. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, वजा. हातात उरले साडेतीन. चाळीसचे साडेतीन! मुलं आधी हसतात, मग गप्प होतात.

कुटुंबं वाढली, गावठाण वाढलं नाही. लोकांनी कडेला घरं बांधली. सरकारी भाषेत ती 'गरजेपोटी बांधलेली घरं'. ती नियमित करण्याचे निर्णय अनेकदा झाले, तरी कितीतरी घरांच्या डोक्यावरची टांगती तलवार हटलेली नाही. आता गावाचं पीक म्हणजे भाडं. जिथे भात व्हायचा तिथे खोल्या उभ्या आहेत. त्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार राहतात, मराठवाड्यातून आलेली पोरं राहतात, माझे काही विद्यार्थीसुद्धा.

त्यांच्यातल्या एकाने प्रवेश अर्जावर पत्ता लिहिला होता: 'सेक्टर १९, सीबीडी'. मी म्हटलं, "गावाचं नाव लिही की रे."

"सर, ते लिहिलं तर लोकांना कळत नाही."

मी त्याच्या हातून पेन घेतलं आणि वरच्या ओळीत शहाबाज लिहिलं.